मौनाचं रेकॉर्डिंग

समजा, हे काम तुम्हाला दिलंय. नगरसभेच्या सभागृहात मागच्या भिंतीला, वरच्या अंगाला, काचेची एक खोली आहे. खोली कसली, कपाटच ते. खुर्ची जरा मागे सरकवली की पाठ भिंतीला टेकते. तुमच्या कानांवर हेडफोन आहेत. समोर बटणांची ओळ आहे आणि प्रत्येक बटण म्हणजे खाली बसलेल्या एका सदस्याचा माइक. सदस्यानं टेबलावरची कळ दाबली की तुमच्यासमोर त्याचा हिरवा दिवा लागतो, तसाच अध्यक्षांसमोरही लागतो. अध्यक्ष म्हणतात, "बोला." तुम्ही बटण दाबायचं. अध्यक्ष म्हणतात, "पुरे." तुम्ही बंद करायचं. मध्ये तुमचं मत आणायचं नाही, आणि समोरचा कितीही दळण दळत बसला तरी जांभई द्यायची नाही, कारण ती काचेतून सगळ्यांना दिसते.

सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण बटण बंद करायला पापणी लवण्याएवढा उशीर झाला, की माणसं जे सभेत बोलत नाहीत तेही कानात येतं. कुणाच्या पोटातली गुरगुर, कुणी शेजाऱ्याला दिलेली शिवी, कुणी नुसताच सोडलेला सुस्कारा. आणि सगळेच गप्प झाले की त्याच्याही खालचं काहीतरी येतं.

हे काम करणाऱ्या बाईंना सगळे माइकताई म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण अध्यक्षबाईसुद्धा भर सभेत "माइकताई, जरा आवाज वाढवा" असंच म्हणायच्या. मी तिथं गेले ती सभागृहाची जुनी ध्वनियंत्रणा काढून नवी बसवायला. माझी पहिलीच स्वतंत्र जबाबदारी होती ती. हातात कोऱ्या करकरीत हत्यारांची पेटी, आणि अंगात उत्साह असा की कुणी विचारलं नाही तरी समजावून सांगणार. ताईंनी पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय गं, इंजिनिअर का तू?"

"हो."

"मग आधी ती खुर्ची नीट कर. माझ्या बुडाखाली डावीकडे कलते."

खुर्चीला काही झालेलं नव्हतं. जमीन कलली होती.

हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून आधीच सांगून टाकते. त्या गावाखालून फार पूर्वी मीठ काढत. जमिनीत नळ्या घालून पाणी सोडायचं, खालचं मीठ विरघळवायचं आणि खारं पाणी वर ओढून आटवायचं. मीठ गेलं, कंपनी गेली आणि खाली पोकळ्या राहिल्या. आता वरचं गाव हळूहळू त्यांत बसत होतं. सगळं नाही, सभागृह आणि त्याच्यामागची एक लांबलचक गल्ली, एवढाच पट्टा. ताई आणि त्यांची आई त्याच गल्लीत राहायच्या. भूगर्भाचे जाणकार येऊन गेले होते. त्यांनी भोकं पाडली, मोजलं आणि भर सभेत स्वच्छ शब्दांत सांगितलं: हा पट्टा जाणार. कधी ते सांगता येत नाही. माणसं हलवा. त्यावर कुणी वाद घातला नाही. टाळ्या वाजवून त्यांचे आभार मानले. माहिती दडवली, कुणी पैसे खाल्ले, असलं काही त्या गावात घडलंच नाही. ताई म्हणायच्या, "कुंपणानं शेत खाल्लं असतं तर कुंपण तरी बदललं असतं. इथं कुंपण आहे तिथंच आहे, शेतच खाली चाललंय."

त्या गल्लीत मी पहिल्यांदा गेले ती दुपारच्या चहाला. ऊन लख्ख होतं. गल्ली झाडलेली, रस्त्यावरचे दिवे नवे, भिंतींना ताजा रंग. आणि घरांची दारं? दारं मात्र काहीतरीच दिसत होती. चौकटी तिरक्या झालेल्या आणि त्या तिरक्या चौकटीत बसावीत म्हणून दारं वरून खालून तासलेली. एखाद्या दाराचा वरचा कोपरा कापलेला, एखादं खालून निमुळतं. एकही दार चौकोनी नव्हतं. लहान मुलानं आठवणीतून गल्ली काढावी तशी ती दिसत होती.

"ही आमच्या सभेची कामगिरी," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तेव्हा खरोखर अभिमान होता. "दारं अडकायला लागली, लोक आत कोंडायला लागले. सभेत विषय आला आणि एका बैठकीत योजना मंजूर! दार अडकलं की सुतार सरकारी खर्चानं येतो आणि तासून देतो. रंगाचं आणि दिव्यांचंही तसंच. आमची सभा कामाची आहे, बरं का. टीव्हीवर दाखवतात तसली नाही."

आतून आई म्हणाल्या, "पाचामुखी परमेश्वर असतो, पोरी. एकट्या माणसाचं डोकं फिरतं, पाचांचं फिरत नाही."

आई पलंगावर बसल्या होत्या. पलंगाच्या दोन पायांखाली विटा होत्या. माझ्या हातात दिलेल्या कपातला चहा एका बाजूनं काठाला टेकला होता. कप मी सरळ धरला होता, तरी मला तो सारखा तिरका धरल्यासारखा वाटत राहिला. शेजारचं घर रिकामं होतं, पलीकडचंही. गल्लीतली निम्मी माणसं आपापली सोय लावून गेली होती. दर वेळी कुणी सामान बांधलं की आई विचारायच्या, आपण? आणि ताई सांगायच्या, "आई, विषय सभेपुढे आहे. सगळ्या गल्लीला एकदमच जागा मिळणार आहे. थांब." आई थांबल्या होत्या त्या सभेच्या भरवशावर नव्हे, लेकीच्या शब्दावर थांबल्या होत्या. आणि लेक थांबली होती सभेच्या शब्दावर.

ताईंचा हा विश्वास शाळेत बसलेला. त्यांच्या गल्लीचे सदस्य म्हणजे मास्तर. त्यांनीच ताईंना लहानपणी शिकवलेलं. वर्गात खिडकीजवळच्या बाकावरून रोज भांडणं व्हायची. मास्तरांनी छडी उचलली नाही, पोरांना मतदान घ्यायला लावलं. ताई हरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच उभं राहून सुचवलं की बाक पाळीपाळीनं मिळावा, आणि तो ठराव जिंकला. "तेव्हापासून माझा पक्का समज," त्या म्हणाल्या, "की भांडण कसलंही असो, सगळ्यांनी एका खोलीत बसायचं, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाट निघतेच. नाहीतर मी कशाला त्या काचेच्या डब्यात जन्म काढला असता? मास्तर अजून भेटले की म्हणतात, तू माझा सगळ्यात गुणी विद्यार्थी. मी म्हणते, मास्तर, तुम्ही माझे सगळ्यात लांबण लावणारे सदस्य."

आता मौनाची गोष्ट.

कुणी जुना सदस्य वारला की सभा उभी राहते आणि मौन पाळते. बाकी ठिकाणी अशा वेळी सगळे माइक बंद करतात. या कामानंतर मी चार-पाच सभागृहांत यंत्रणा बसवल्यात, सगळीकडे हीच पद्धत. इथं मात्र अध्यक्षांचा माइक चालू ठेवायचा आणि मौन रेकॉर्ड करायचं, असा रिवाज होता. का? तर कधी काळी एका वारलेल्या सदस्याच्या मुलानं भांडण काढलं होतं, की माझ्या बापाला तुम्ही मौन पाळलंच नाही. तेव्हापासून पुरावा म्हणून शांतता जपून ठेवायची. मला हसू आलं.

"हस," ताई म्हणाल्या. "पण तुझ्या त्या नव्या यंत्रात ते गेट का काय आहे ना, ते लावू नकोस."

गेट म्हणजे साधी गोष्ट आहे. यंत्र ऐकत असतं. माणूस बोलायला लागला की त्याचा माइक आपोआप उघडतं आणि दिवा लावतं. बोलणं थांबलं की मिटतं. पंखा, कागदाची सळसळ, खुर्ची ओढल्याचा आवाज, असलं काही ते आत घेत नाही; फक्त बोलणं घेतं. कळ दाबायचीसुद्धा गरज नाही. त्या यंत्रातलं ते मला सगळ्यात आवडलेलं काम होतं.

"पण ताई, किती स्वच्छ आवाज येईल!"

"आणि मौनाचं काय? ते कापून टाकेल की."

म्हणून गेट न लावताच मी नवे माइक जोडले. त्याच आठवड्यात एक माजी अध्यक्ष वारले. सभा उभी राहिली. मी चाचणीसाठी काचेच्या खोलीत ताईंना खेटून, दुसरे हेडफोन लावून बसले होते. खाली सगळ्या माना खाली होत्या. नवे माइक जुन्यांपेक्षा फार तिखट कानाचे.

आधी पंख्याचा आवाज आला. मग कुणाचा तरी श्वास. मग दूरच्या कुठल्यातरी घरात कुणी जड पेटी ओढावी तसा आवाज. थोडी ओढली, थांबला. पुन्हा ओढली. दमला असावा तसा थांबला. आणि पुन्हा.

मी ताईंकडे पाहिलं. त्या शांत होत्या.

"आधी मला वाटायचं, मौनात कुणीतरी घोरतंय," त्या कुजबुजल्या. "पूर्वी हा इतका जवळ नव्हता."

नंतर त्यांनी मला जुनी मौनं ऐकवली. सगळी जपून ठेवलेली. अगदी जुन्यात नुसता पंखा आणि एक खोकला. नंतरच्यात कसलीशी कुजबुज, जी आहे की नाही तेच कळत नाही. त्यानंतरच्यात पेटी, खूप लांब. मग आणखी जरा इकडे. मेलेल्या माणसांच्या मानासाठी साठवलेल्या त्या शांतता एकापाठोपाठ एक ऐकताना असं वाटत होतं, की कुणीतरी खोल जिन्यावरून वर येतंय आणि प्रत्येक मरणाला एक पायरी चढतंय. माझं शिक्षण मला सांगत होतं की खालच्या पोकळीचं छत सुटतंय, खडक घसरतोय, त्याची ही कंपनं. ते खरंच होतं. हातावरचा काटा मात्र त्यानं खाली बसला नाही.

मास्तरांना ताईंनीच सांगितलं. पुढच्या बैठकीत मास्तर उभे राहिले, गल्ली हलवण्याचा विषय त्यांनी पुन्हा मांडला आणि म्हणाले, "अध्यक्षबाई, एकदा सभेनं हे ऐकावं. माझं भाषण नको. हे ऐकावं."

अध्यक्षबाई भल्या होत्या. "ऐकूया," म्हणाल्या.

मी स्पीकरचा आवाज वाढवला. ताईंनी शेवटचं मौन लावलं. पेटी ओढल्याचा आवाज सभागृहभर पसरला आणि टेबलांवरच्या पेल्यांतल्या पाण्यात बारीक वलयं उठली. एक सदस्य नकळत पाय उचलून खुर्चीवर मांडी घालून बसले. कुणी म्हणालं नाही, की हे खोटं आहे. एकजणही.

मग मतं घ्यायला सुरुवात झाली. गल्ली हलवायची का? सगळ्यांचे हात वर. काचेच्या खोलीत ताईंनी माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. "बघ! म्हटलं नव्हतं?"

मग प्रश्न आला, हलवायची कुठं.

तिथं एक नियम होता. ज्या भागाची जमीन घ्यायची, त्या भागाच्या सदस्याची संमती हवी. बाकीच्यांनी बहुमताच्या जोरावर दुबळ्या भागावर दांडगाई करू नये म्हणून. चांगला नियम. तो तरुणपणी मास्तरांनीच मांडून मंजूर करून घेतला होता, याच गल्लीच्या भल्यासाठी.

गावाच्या वरच्या भागाचे सदस्य उठले. त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ते उधारीवर गोळ्या देत. "मास्तर, मी घरोघरी जाऊन विचारलं. आमच्याकडं मैदान आहे. लोक म्हणाले, पोरांना खेळायला तेवढंच आहे, देऊ नका. मी त्यांच्या मतांवर इथं आलोय. मी 'हो' म्हटलं तर मी त्यांच्याशी खोटं वागलो. तुम्हीच सांगा, काय करू?"

मास्तर खाली बसले. त्यांनीच आयुष्यभर हे शिकवलं होतं.

एकामागून एक दिवे लागत गेले. "बोला." ताईंनी बटण दाबलं. एकाच्या भागात होती ती दवाखान्यासाठी राखलेली जागा. "पुरे." "बोला." दुसऱ्याच्या भागात नुसता उतार होता. "बोला." तिसऱ्याच्या लोकांनी सही करून नको म्हणून कळवलं होतं. प्रत्येकाचं कारण खरं होतं. प्रत्येक जण आपल्या माणसांशी इमानानं वागत होता. ताई बटणं दाबत होत्या आणि त्यांचा हात हळूहळू जड होत चाललेला मला दिसत होता. शेवटी विषय पुढच्या बैठकीवर गेला. भिजत घोंगडं होतं तसंच राहिलं.

सभा उठणार तेवढ्यात औषधवाले पुन्हा उठले. "अध्यक्षबाई, एक विनंती. हा आवाज... आता माइकमधून सारखा येतोय असं मला वाटायला लागलंय. वरच्या सज्जात सभा ऐकायला म्हातारी माणसं येऊन बसतात, त्यांच्या छातीत धस्स होईल. तो काढून टाकायची काही सोय आहे का?"

अध्यक्षबाईंनी काचेकडं पाहिलं. मी मान हलवली. सोय होती.

"मतं घेऊ," त्या म्हणाल्या.

सगळे हात वर गेले. त्या सभेत जागेवरून एकमत व्हायला किती वर्षं लागतील कोण जाणे, पण या ठरावाला चहा गार व्हायच्या आत एकमत झालं. ताई काचेला नाक लावून खाली बघत होत्या. मी त्यांच्या नजरेमागून पाहिलं. मास्तरांचाही हात वर होता.

जिन्यात ताईंनी त्यांना गाठलं. "मास्तर, तुम्हीसुद्धा?"

मास्तर कठड्याला धरून उभे होते. जिनाही कलला होता आणि उतरणारा प्रत्येक जण त्या बाजूला जरा झुकूनच चालत होता. सवयीनं कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. "अगं," ते म्हणाले, "मला ते ऐकवत नव्हतं."

बस, एवढंच. छत्री उघडून गल्लीकडं गेले. पाऊस नव्हता, उन्हासाठी असेल.

गेट लावायचं बटण मी ताईंना दाखवलं. त्यांनी स्वतः दाबलं. त्या क्षणी हेडफोनमध्ये जी शांतता पसरली ती मी तोवर कधी ऐकली नव्हती. रिकाम्या सभागृहाचा पंखासुद्धा तिच्यात नव्हता. ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले, बघून-बघून नीट ठेवले आणि म्हणाल्या, "चल, चहाला येतेस?"

गल्लीत पोचलो तर घराचं दार उघडेना. ताईंनी खांदा लावला, मी लाथ मारून पाहिली. आतून आईंचा आवाज आला, "धडपडू नका. सकाळपासून अडकलंय. सुतार येईल."

"सकाळपासून? आणि फोन नाही केलास?"

"तू सभेत होतीस ना. कशाला व्यत्यय?" मग, दाराला अगदी तोंड लावून त्यांनी विचारलं, "काय ठरलं गं?"

ताईंनी कपाळ दाराला टेकवलं. दर बैठकीनंतरचं उत्तर त्यांच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं: विषय सभेपुढे आहे. ते तिथंच थांबलं.

"आई, काही ठरलं नाही."

"पुढच्या वेळी ठरेल."

"नाही ठरणार."

आत शांतता. मी उगाच त्या शांततेत कान देऊन राहिले.

"वाईट माणसं आहेत का गं ती?" आईंनी विचारलं.

"नाही गं आई. चांगली आहेत. सगळी चांगली आहेत." ताईंचा आवाज फुटला. "मी तुला थांब म्हणत होते ना, ते चुकलं माझं. कुणी यायचं नाही. आपणच जायचंय."

तेवढ्यात सुतारकाका आले, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत रंधा. या गल्लीतल्या दारांवर त्यांचं पोट भरत होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. त्यांनी दार वरपासून खालपर्यंत चाचपलं, कडेवरून अंगठा फिरवला.

"आता नाही तासता येत. कुलपाला टेकलोय मी. रंधा मारायला लाकूडच उरलं नाही."

"मग काढून टाका दार."

"योजनेत दार तासायचं आहे, ताई. काढायचं नाही."

"काका!"

"काढत नाही असं कुठं म्हणालो? योजनेत नाही एवढंच म्हणालो." त्यांनी पहार काढली. "आई, मागं सरका. भिंतीपाशी नको, पलंगावर बसा."

दार चौकटीसकट सैल होऊन बाहेर आलं. त्याचा आकार आता कसलाच राहिला नव्हता. काकांनी ते भिंतीला टेकवलं तर ते आपोआप घसरत, फरशीवर घासत गल्लीच्या उताराला लागलं आणि थोडं जाऊन थांबलं. पेटी ओढल्यासारखा आवाज झाला. ताई आणि मी त्या दाराकडं बघत राहिलो. काकांना त्यात काय विशेष ते कळलं नाही.

आई बाहेर आल्या. मतदानाला घालायच्या ते ठेवणीतले कपडे त्यांनी घातले होते. सकाळी कोंडल्यावरच घालून ठेवले असणार. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकून त्या सवयीनं मागे वळल्या. "दार लावून घे."

"दार नाहीये, आई."

"अगंबाई. खरंच की."

ताईंनी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी सामान हलवायला मदत केली. तिथं पहिला चहा झाला तेव्हा आई किती तरी वेळ कपात बघत बसल्या. चहा सपाट होता. "कसंतरीच वाटतं गं," त्या म्हणाल्या.

ताईंनी नोकरी सोडली नाही. मी विचारलं, आता कशाला? त्या म्हणाल्या, "पोट आहे म्हणून. आणि बटण दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव होत नाही म्हणून." पण पूर्वी त्या सभेबद्दल बोलताना 'आम्ही' म्हणायच्या. आता 'ते' म्हणायला लागल्या. हा बदल त्यांना स्वतःला कळला होता का, मला माहीत नाही. मतदान आलं तेव्हा आई नटूनथटून गेल्या. ताई घरी झोपून राहिल्या, भर दुपारी, डोक्यावर उशी घेऊन.

मास्तर काही गल्ली सोडून गेले नाहीत. शेवटी गल्लीत ते एकटेच उरले होते, आणि सभेच्या ठरावाप्रमाणे सगळे दिवे त्यांच्या एकट्यासाठी लागायचे. थंडीत ते झोपेतच गेले. जमिनीनं त्यांना काही केलं नाही. वय झालं होतं.

त्यांच्यासाठी मौन पाळलं गेलं त्या दिवशी मी तिथं होते. यंत्राच्या देखभालीची फेरी होती, आणि खरं सांगायचं तर मास्तरांसाठीही गेले होते. खाली सभा उभी राहिली. मास्तरांची खुर्ची रिकामी, टेबलावर कुणीतरी फुलं ठेवलेली. माना खाली गेल्या. माझ्या कानात गेटची ती कोरी शांतता. सगळे दिवे विझलेले, कारण कुणी बोलत नव्हतं.

आणि एक हिरवा दिवा लागला.

ताईंनी बटणाला हात लावला नव्हता. मीही लावला नव्हता. दिवा मास्तरांच्या माइकचा होता. अध्यक्षबाईंसमोरही तो लागला असणार. त्यांची मान खाली होती, डोळे अर्धवट मिटलेले, आणि हिरवा दिवा दिसला की जे म्हणायची वर्षानुवर्षांची सवय तेच त्यांच्या तोंडून निघालं.

"बोला."

कुणी हललं नाही. माना वर करायचं धाडस कुणाला होईना. फुलांच्या मागं तो माइक उघडा होता आणि हेडफोनमध्ये पेटी ओढली जात होती, पण आता ती पेटी राहिली नव्हती. आवाज चढत, उतरत होता. मध्ये थांबत होता, श्वास घ्यावा तसा. अध्यक्षबाईंचं 'बोला' ऐकून तो जरा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग दिवा विझला. औषधवाले हळूच खाली बसले, आणि त्यांच्यामागून सगळे.

त्या आवाजावर ठराव झाला नाही. त्याचा उल्लेखही कुणी केला नाही. पुढचा विषय गल्लीतल्या दिव्यांचा होता. तिथं आता कुणीच राहत नसल्यानं ते चालू ठेवावेत की बंद करावेत. मतं घेतली. चालू ठेवायचे ठरलं.

मी ताईंना समजावून सांगितलं. मास्तरांची खुर्ची खांबाजवळ आहे, तिथली जमीन सगळ्यात जास्त खचलीय, कंपनं टेबलातून थेट माइकला पोचतात. आवाज वाढत वाढत माणसाच्या आवाजाच्या पट्टीत आला असेल आणि यंत्र फसलं असेल. मी कागदावर आकृती काढून दाखवली. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. तज्ज्ञांचं ऐकताना ती सभाही अशीच मान डोलवायची.

त्यानंतर माझी बदली झाली. आम्ही फोनवर बोलतो. आई बऱ्या आहेत, अजूनही बैठकीच्या दिवशी "काय ठरलं?" विचारतात आणि ताई "चहा घेतेस का?" असं उत्तर देतात. सभागृह अजून उभं आहे. प्रत्येक वेळी फोन ठेवायच्या आधी ताई तोच प्रश्न विचारतात.

"ए इंजिनिअर, एक सांग. तुझं ते गेट खुर्ची ओढल्याचा आवाज घेत नाही, पंखा घेत नाही. फक्त बोलणं घेतं, असं तूच म्हणाली होतीस. मग त्या दिवशी ते काय म्हणत होतं गं?"